१.३ मल्टिजेटची जुनी गाडी घेताय? ओळख, तपासणी आणि पहिल्या महिन्यातली कामं

जुन्या डिझेल गाड्यांच्या बाजारात फिरायला लागलात की एक गोष्ट लवकर लक्षात येते. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट, लिनिया, पुंटो, शेवरले सेल: बिल्ले वेगळे, विकणारे वेगळे, भाव वेगळे. बोनेट उघडलं की आत तेच फियाटचं १२४८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. फियाट त्याला मल्टिजेट म्हणायची, मारुतीने डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट, शेवरलेने स्मार्टेक. गाड्यांवर लिहिणाऱ्या लोकांनी तर त्याला गमतीने देशाचं राष्ट्रीय इंजिनच करून टाकलं होतं.

एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचं नवं मानक बीएस६ लागू झालं तेव्हा मारुतीने डिझेलच सोडलं. टाटा आणि फियाटच्या या इंजिनाच्या गाड्या त्याआधीच बंद झाल्या होत्या. म्हणजे आज तुम्ही बघाल ती प्रत्येक गाडी वापरलेलीच असणार, आणि बरीचशी दोन-तीन हातांतून फिरलेली. मागणी मात्र अजून आहे, कारण पिकअप चांगला, महामार्गावर लिटरला वीसच्या आसपास ऍव्हरेज आणि गावोगावच्या मेस्त्रीला हे इंजिन माहीत.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. बिल्ला कोणता आणि मीटरवर किलोमीटर किती, यापेक्षा या इंजिनात ऑइल कधी, कोणतं आणि किती पडलं, यावर गाडीचा भाव ठरवा. या इंजिनात मावतं जेमतेम तीन लिटरच्या आसपास ऑइल. तेवढ्याच ऑइलवर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचं बेअरिंग फिरतं, व्हॉल्व्हची फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट उचलले जातात आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर दाबला जातो. लिटरभर ऑइल कमी झालं तर मोठ्या इंजिनाला कदाचित चालून जाईल. इथे एक तृतीयांश गेलं.

आधी इंजिन थोडं समजून घ्या

कॉमन रेल डिझेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणारं इंजिन, पहिल्यांदा प्रवासी गाडीत आलं ते १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये. मूळ काम फियाटचं, पुढे उत्पादनासाठी तंत्र बॉशकडे गेलं. आधीच्या पद्धतीत ज्वलनापूर्वी एकदा थोडं डिझेल आणि मग मुख्य फवारा इतकंच होतं. मल्टिजेटमध्ये एका फेरीत पाचपर्यंत छोटे-छोटे फवारे मारता येतात. त्यामुळे दाब हळूहळू चढतो आणि जुन्या डिझेलचा तो खडखडाट कमी होतो. छोटं १.३ इंजिन फियाट आणि जनरल मोटर्सच्या भागीदारीतून तयार झालं आणि २००३ मध्ये युरोपातल्या पुंटोत ७० पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) ताकदीने बसलं. पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावाच्या कारखान्यात ते बनायचं. वजन साधारण १३० किलो, लांबी अर्ध्या मीटरच्या आत. २००५ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय 'इंजिन ऑफ द इयर' पुरस्कारांत १ ते १.४ लिटर गटाचं पारितोषिकही मिळालं.

आपल्याकडे ते दोन मोठ्या ठिकाणी बनलं. मारुतीसाठी हरियाणात मानेसरला आणि फियाट-टाटांसाठी पुण्याजवळ रांजणगावला. शिरूरच्या बाजूला जाताना दिसणारा तोच कारखाना, जिथे आता जीप गाड्या बनतात. जनरल मोटर्सचं इंजिनाचं काम तळेगावला चालायचं. पुणे जिल्ह्यात या इंजिनाचे जाणकार मेस्त्री आणि पार्ट सहज मिळतात, त्यामागे हेही एक कारण असावं.

रचना साधी आहे: ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ऍल्युमिनियमचं हेड, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिमी, पिस्टनची चाल ८२ मिमी. गुणाकार केला तर एका सिलिंडरचे ३१२ सीसी होतात, चारचे १२४८. शेवरले बीट डिझेलचं इंजिन ९३६ सीसीचं का, ते यातून आपोआप कळतं: त्याच मापाचे तीन सिलिंडर. बीट याच घराण्यातली, पण तीन सिलिंडरची थरथर वेगळी आणि ताकद ५८ पीएसच. खाली जे लिहिलंय ते चार सिलिंडरवाल्यांबद्दल आहे.

पायरी १: ७५ पीएस की ९०, हे आधी ठरवा

बाजारात मुख्यतः दोन अवतार मिळतात. फरक टर्बोचा आहे.

साध्या टर्बोचा, म्हणजे ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्कवाला (टॉर्क म्हणजे ओढ), स्विफ्टमध्ये २००७ पासून आला. डिझायर, रिट्झ, डिझेल बलेनो, इग्निस, इंडिका व्हिस्टा, बोल्ट आणि झेस्टची खालची मॉडेलं यांत हाच. पुंटोत फियाटने तो ७६ पीएस आणि १९७ न्यूटन-मीटरला बसवला. सेलमध्ये तो ७८ पीएसचा होता.

दुसरा व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोचा. टर्बोच्या आतली पाती गरजेनुसार वळतात, त्यामुळे इंजिन मिनिटाला कमी फेऱ्या घेत असतानाही दाब लवकर बनतो. मारुतीत एसएक्स४, पहिली एर्टिगा, सियाझ, एस-क्रॉस आणि व्हिटारा ब्रेझा यांना ९० पीएस, २०० न्यूटन-मीटर. टाटांकडे मांझा, व्हिस्टा डी९० आणि झेस्टची वरची मॉडेलं. लिनिया, ९० एचपी पुंटो आणि ऍव्हेंचुरा यांना फियाटने ९३ पीएस आणि २०९ न्यूटन-मीटरपर्यंत नेलं. चालवायला मला यातली लिनिया सगळ्यात आवडते, पण सुट्या भागांसाठी धावाधाव करायची तयारी असेल तरच घ्या.

निवड कशी करायची? गाडी बहुतेक शहरात, ट्रॅफिकमध्ये, रोज आठ-दहा किलोमीटर अशी चालणार असेल तर ७५ घ्या. ९०च्या टर्बोची पाती काजळीने अडकतात, आणि काजळी साचते ती अशाच जवळच्या प्रवासांनी. उलट घाटातून येणं-जाणं असेल, गाडी पाच माणसं आणि सामानाने भरलेली असेल, तर ९० घ्या. ७५वाल्यात १८००-२००० फेऱ्यांच्या खाली टर्बो झोपलेला असतो. खंबाटकीच्या चढावर पुढे ट्रक आला, तुम्ही तिसऱ्यात राहिलात आणि काटा १५०० वर आला, की ऍक्सिलरेटर दाबूनही गाडी क्षणभर काहीच करत नाही. सवय झाली की दुसरा गिअर वेळेत टाकता येतो. पण ही सवय घरात सगळ्यांना होईलच असं नाही.

आता फसगतीच्या जागा. इंडिका व्हिस्टा 'डिझेल' म्हणजे क्वाड्राजेट असं गृहीत धरू नका. टीडीआय लिहिलेल्या व्हिस्टात टाटांचं जुनं १४०५ सीसीचं इंजिन आहे. एस-क्रॉसमध्ये डीडीआयएस ३२० म्हणजे १.६ लिटरचं मोठं इंजिन, डीडीआयएस २०० म्हणजे हे. २०१९ मध्ये सियाझ आणि एर्टिगात मारुतीचं स्वतःचं १.५ डिझेल आलं, तेही वेगळंच. सगळ्यात खात्रीची खूण आरसीवर मिळते: क्युबिक कपॅसिटीच्या रकान्यात १२४८ हवं. मारुतीच्या इंजिन क्रमांकाची सुरुवात डी१३ए ने होते. चासी क्रमांकाची पहिली अक्षरं पाहिली तर बनवणाराही कळतो: मारुती एमए३, टाटा एमएटी, फियाट एमसीए.

पायरी २: घरातून निघण्याआधी

फोनवर तीन गोष्टी विचारा आणि उत्तर कसं येतं ते ऐका. शेवटचं ऑइल कधी बदललं, कोणत्या ग्रेडचं टाकलं, आणि बिल आहे का. 'सर्व्हिस रेग्युलर आहे दादा, काळजीच करू नका' हे उत्तर नाही. ज्याने गाडी सांभाळलीय तो तारीख आणि किलोमीटर सांगतो. मारुतीच्या गाड्यांना सर्व्हिस १०,००० किलोमीटरला होती, फियाट आणि टाटांनी १५,००० सांगितले होते. माझ्या मते आपल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये १५,००० हे या इंजिनासाठी फार झाले. ज्या मालकाने आठ-दहा हजारांनाच ऑइल बदललंय त्याच्या गाडीला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

मग परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ऍपवर गाडीचा क्रमांक टाकून बघा. नोंदणीची तारीख, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत, आणि बीएस३ की बीएस४. १ एप्रिल २०१० ला बीएस४ फक्त तेरा शहरांत लागू झालं होतं. आपल्याकडची त्यातली शहरं म्हणजे मुंबई, पुणे आणि सोलापूर. म्हणून त्याच वर्षाची एक गाडी बीएस४ आणि दुसरी बीएस३ असू शकते. नियम बीएसच्या पायरीवर बदलत राहतात, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

दोन प्रकारच्या गाड्यांपाशी सावध राहा. एक, आधी टॅक्सी असलेली आणि नंतर खासगीत बदललेली. डिझायर टूर आणि व्हिस्टा यांत हे बरंच दिसतं. टॅक्सी वाईटच असते असं नाही, रोज लांब पळणारं डिझेल उलट स्वच्छ राहतं. पण मीटर मागे फिरवलेला असण्याची शक्यता मोठी. दुसरी, दिल्लीची गाडी. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशाने बंदी आली, त्यामुळे तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. गाडी चांगली निघू शकते, पण ना-हरकत दाखला, इथला रोड टॅक्स आणि एमएच क्रमांक हा सगळा खर्च आणि हेलपाटे किमतीत धरा. एजंट 'सगळं करून देतो' म्हणाला तरी दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

पायरी ३: थंड इंजिन

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे घाई नको. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सकाळी बघायची आहे आणि मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर बोनेटवर, मग रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, आणि सरळ दुसऱ्या दिवशी यायचं ठरवा. गरम इंजिन या घराण्याचा मुख्य रोग, म्हणजे चेनचा आवाज, लपवतं.

स्टार्ट करण्याआधी ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, बघा. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्यावरून घाबरू नका. पातळी खालच्या खुणेच्या वर आहे ना, ते बघा. बोटावर घेऊन चोळा: दाणेदार, डांबरासारखं चिकट लागलं तर ऑइल खूप दिवस बदललेलं नाही. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर तेही लक्षण वाईट, म्हणजे डिझेल ऑइलात मिसळतंय.

आता किल्ली ऑनवर ठेवा आणि थांबा. ग्लो प्लगचा (थंड इंजिन पेटायला ऊब देणाऱ्या भागाचा) पिवळा कॉइलसारखा दिवा, चेक इंजिन आणि ऑइलचा लाल दिवा, तिन्ही लागले पाहिजेत. मुळीच लागत नसतील तर बल्ब काढलेला किंवा मीटरशी खेळ झालेला. मग दुसऱ्या कुणाला स्टार्ट करायला सांगा आणि तुम्ही बोनेट उघडं ठेवून अल्टरनेटरचे बेल्ट असतात त्या बाजूला उभे राहा. चेन तिथेच आहे.

पहिले दोन-तीन सेकंद कान देऊन ऐका. डिझेलची टकटक सगळीकडून सारखी येते. चेनचा आवाज वेगळा, एका बाजूने येणारा, लोखंडी साखळी डब्यात हलवल्यासारखा. सेकंदभर येऊन ऑइलचा दाब बनताच थांबला तर जुन्या इंजिनात चालून जाईल. तीन-चार सेकंद राहिला, किंवा रेस दिल्यावर परत आला, तर चेन ताणली आहे किंवा टेन्शनर दमलाय. चेन लाइफटाइम आहे, बदलावीच लागत नाही, असं विकणारा म्हणेल. कंपनीच्या कागदावर तसं असेलही. ऑइल कमी राहिलेल्या गाडीत मात्र ती ताणते, आणि दात सोडला तर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म तुटतात. चेन एका कॅमशाफ्टला फिरवते आणि तिथून गिअरने दुसरा फिरतो, त्यामुळे एकदा टायमिंग हललं की सगळंच हललं.

इथेच मेस्त्रीचीही परीक्षा होते. टकटक ऐकून कोणी म्हणाला, 'टॅपेट सेट करून देतो, आवाज जाईल', तर त्याला हे इंजिन माहीत नाही. टॅपेट हायड्रॉलिक आहेत, सेट करायला तिथे काही नसतंच.

आता धूर. पहिल्या स्टार्टला पांढरट धूर येऊन लगेच विरला तर ठीक, हिवाळ्यात तर येणारच. निळसर आणि टिकणारा म्हणजे ऑइल जळतंय. रेस मारल्यावर काळ्या धुराचा लोट म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) तुंबलाय, इंजेक्टर जास्त डिझेल सोडतायत किंवा टर्बोचा होज फाटलाय. यातलं कोणतं, हे पुढच्या पायऱ्यांत कळतं.

पायरी ४: बोनेटखाली

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. थोडी वाफ येणं आणि झाकण किंचित हलणं चालतं. भसाभसा धूर येऊन झाकण नाचायला लागलं तर पिस्टनच्या रिंगांतून कॉम्प्रेशन खाली जातंय. मग 'हाफ इंजिन (इंजिन खोलून रिंगा बदलणं) करावं लागेल' हा हिशोब भावात धरा, नाहीतर गाडी सोडा.

वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायची परवानगी मागा. ओढून निघतं ते, पण मोडेल म्हणून विकणाऱ्याच्याच हाताने काढवा. आत चार इंजेक्टर रांगेत दिसतील. प्रत्येकाच्या बुडाशी बघा. काळं, टणक, डांबरासारखं साचलं असेल तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळतोय आणि ज्वलनाचा वायू बाहेर येतोय. कान जवळ नेला तर फस्-फस् असा बारीक आवाजही येतो. वॉशर स्वस्त आहे; पण महिनोन्महिने दुर्लक्ष झालं असेल तर इंजेक्टर त्या डांबरात असा रुततो की काढताना तुटायची भीती. एका इंजेक्टरपाशी थोडं असेल तर भाव कमी करून घ्या, चारहीपाशी असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टर्बोपासून निघणाऱ्या होजांना हात लावून बघा. आतून थोडा ऑइलचा थर नेहमीच असतो. बाहेरून ओला आणि धुळीने माखलेला जोड म्हणजे होज सैल किंवा चिरलेला. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला तर पुढे बघायचीही गरज नाही. एसएचव्हीएस (मारुतीची सौम्य हायब्रिड यंत्रणा) लिहिलेल्या सियाझ आणि एर्टिगात अल्टरनेटरच्या जागी स्टार्टर-जनरेटर असतो, त्याचा बेल्ट आणि बॅटरी दोन्ही बघून घ्या. साध्या गाडीच्या भावात ते मिळत नाहीत.

आणि एक साधी गोष्ट: इंजिन धुऊन चकचकीत केलेलं असेल तर कौतुक करू नका. गळती कुठे आहे ते पुसलं गेलं. थोडं मळकं, कोरडं इंजिन मला जास्त आवडतं.

पायरी ५: रस्त्यावर

इंजिन गरम होऊ द्या, मग वीस-पंचवीस मिनिटं चालवा. एखादा चढ आणि एखादा मोकळा रस्ता पाहिजेच.

तिसऱ्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांपासून ऍक्सिलरेटर पूर्ण दाबा. ७५वाल्यात २००० च्या जवळ धक्का जाणवला पाहिजे, ९०वाल्यात त्याआधीच आणि जास्त गुळगुळीत. धक्काच नाही, गाडी नुसती आवाज करत सरकते, तर टर्बो, होज किंवा ईजीआर. चढावर ९०वाली चांगली ओढता ओढता अचानक मरगळली, दिवा लागला, आणि किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की काही झालंच नाही अशी पळायला लागली, तर टर्बोची पाती अडकतात. विकणारा म्हणेल सेन्सरचं आहे. कधी असतंही, पण भाव टर्बोचा धरून बोला.

क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला एकदम रेस द्या. काटा वर गेला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट सरकतेय. झेस्ट किंवा डिझायरची एएमटी (क्लच आपोआप चालणारी) बघत असाल तर चढावर थांबवून पुन्हा काढा. क्लचची झीज तिथेच कळते, समतल रस्त्यावर नाही.

परत आल्यावर गाडी मिनिटभर आयडलवर ठेवा. काटा एका जागी उभा राहिला पाहिजे. हलकी मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) जाणवली तर पुढची पायरी चुकवू नका.

पायरी ६: स्कॅनर

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावणारा माणूस आता तालुक्यालाही मिळतो. नुसते एरर कोड बघून समाधान मानू नका, ते येण्याआधी पुसता येतात. त्याला तीन गोष्टी दाखवायला सांगा. एक, रेलमध्ये मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब. दोन्ही आकडे बरोबरीने चालले पाहिजेत, आयडलवरही आणि रेस देतानाही. दोन, चारही इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येकाला डिझेल किती कमी-जास्त करतोय. आकडे शून्याच्या आसपास आणि एकमेकांजवळ असावेत, एखादाच लांब गेला असेल तर चोर तोच. तीन, कूलंटचं तापमान आणि हवेच्या सेन्सरचा आकडा, तर्काला धरून आहेत का.

कमी खर्चात ताकद वाढवून देणारे ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले बदल) ७५वाल्या स्विफ्टमध्ये पुष्कळ झालेत. चालवताना गाडी भलतीच जोरात वाटली आणि रेस देताना काळा धूर सोडत असेल, तर सरळ विचारा. रीमॅप केलेली गाडी मी तरी घेणार नाही. क्लच आणि टर्बोने किती सोसलंय ते कळायला मार्ग नसतो.

भाव करताना

चेनचा आवाज असेल तर पूर्ण किटचा खर्च आणि मजुरी दोन्ही वजा करा. किट म्हणजे चेन, टेन्शनर, गाइड आणि गिअर. नुसता टेन्शनर बदलून आवाज घालवून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. टायमिंग कव्हर आणि सम्प (खालचं ऑइलचं भांडं) उघडावा लागतो, आणि कॅमशाफ्ट लॉक करायची पिनांची खास हत्यारं लागतात. मार्करने खुणा करून चेन बसवणारा मेस्त्री कितीही अनुभवी असला तरी त्याच्याकडे हे काम देऊ नका.

बिल्ल्यांपैकी सांभाळायला सगळ्यात सोपी मारुती, म्हणून तिचा भावही चढा. व्हिस्टा, मांझा आणि झेस्ट तेच इंजिन बऱ्याच कमी पैशात देतात. खोली आणि सस्पेन्शन तर स्विफ्टपेक्षा सरस. फियाट आणि शेवरलेची विक्री बंद झालेली असल्याने त्या सगळ्यात स्वस्त. इंजिनाच्या आतले पुष्कळ भाग एकमेकांना चालतात, म्हणून फियाटवाले मारुतीच्या काउंटरवर दिसतात. पण ईसीयू, वायरिंग, माउंटिंग, होज हे ज्याचं त्याचं. पार्ट नंबर ताडल्याशिवाय 'सेमच आहे' या शब्दावर काही विकत घेऊ नका. बॉडी, काचा आणि दिवे हा फियाटवाल्यांचा खरा त्रास आहे, इंजिन नव्हे.

कागदांत फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. नोंदणीला पंधरा वर्षं होत आली असतील तर नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर तुमच्याच खिशातून जाणार.

पहिल्या महिन्यात

मागच्या मालकाने काहीही सांगितलं असो, ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच बदला. मॅन्युअलमध्ये लिहिलेली सिंथेटिक ग्रेडच घ्या. मारुतीत बहुधा ५डब्ल्यू-३०, फियाटमध्ये ५डब्ल्यू-४०. फिल्टर डब्यासारखा नाही, झाकणाच्या आत कागदी एलिमेंट असतो. नवा एलिमेंट जुन्याच्या शेजारी धरून उंची आणि भोकं ताडून बघा, आणि झाकणाची रबरी रिंग नवीनच घाला. भरताना मोजून तीन लिटर ओतून मोकळे होऊ नका. थोडं कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवा, पाच मिनिटं थांबा आणि पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत आणा. त्यानंतर दर हजार किलोमीटरला किंवा लांब जाण्याआधी पट्टी बघायची. या गाडीत पेट्रोल पंपावर हवा बघण्याइतकंच ते नेहमीचं काम समजा.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टरही बदलून टाका. डिझेल फिल्टर बदलला की लाइनमधली हवा काढावी लागते. ती न काढता नुसता स्टार्टर मारत बसलात तर हाय-प्रेशर पंप कोरडा फिरतो. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो सैल करून बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि स्थिर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर बसतो.

ईजीआर व्हॉल्व्ह काढून साफ करून घ्या आणि गॅस्केट नवीन लावा. ईजीआर कायमचा बंद करून देतो म्हणणारे भेटतील. प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही, आणि ईसीयूला न सांगता केलं तर दिवा लागतच राहतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर अडीच हजार फेऱ्यांच्या वर पळवा. काजळी बरीच त्यातच जाते, ९०वाल्यात टर्बोची पातीही हलती राहतात. लांबून, विशेषतः घाट चढून आल्यावर, इंजिन अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवून मगच बंद करा.

इंजेक्टर बदलायची वेळ आली तर त्याच्यावर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये भरून घ्या, नाहीतर नवा इंजेक्टर घालूनही मिसिंग राहते. आणि जुन्या डिझेलवर हात बसलेला कोणी मेस्त्री कोणता सिलिंडर मारत नाही हे शोधायला चालू इंजिनात इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करायला गेला, तर तिथल्या तिथे थांबवा. या रेलमध्ये दाब १६०० बारपर्यंत जातो. बारीक फटीतून सुटलेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते, आणि जखम वरून टाचणीएवढी दिसत असली तरी सरळ हॉस्पिटल गाठावं लागतं. त्या कामाला स्कॅनरचे आकडे पुरेत.